मोरसला गेलेला कदम

गुजरातीत साखरेला आजही 'मोरस' म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यातही 'मोरस साखर' होती. चीनची ती चिनी, मिसरची ती मिसरी, तशी मॉरिशसची ती मोरस. मुंबई बंदरात उतरलेल्या पोत्यांबरोबर त्या बेटाचे नाव आपल्या स्वयंपाकघरात आले आणि राहिले. ज्यांनी तिथला ऊस लावला, तोडला आणि गिरणीपर्यंत वाहिला, त्यांची नावे मात्र परत आली नाहीत. त्यांतली कितीतरी नावे रत्नागिरी जिल्ह्यातली होती.

हा लेख अशा एका माणसाविषयी आहे. तो आमच्या घराण्यातला. घराण्याचे आडनाव कदम आणि गाव दापोली तालुक्यातले. आमच्या वंशावळीत खापरपणजोबांच्या पिढीत चार भावांच्या चार रेघा आहेत. तिघांपुढे नावे आणि त्यांचे वंश आहेत. चौथ्या रेघेपुढे नाव नाही, एकच शब्द आहे: 'परागंदा'. या शब्दाचा अर्थ लावताना घरात दोन तट पडले आणि ते चार पिढ्या टिकले. थोरल्या घरातले सांगत, तो मोरसला मजुरीला गेला. धाकट्या घरातले सांगत, त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हा वाद नुसता अब्रूचा नव्हता. चौथ्याचा वाटा धाकट्या घराच्या वहिवाटीत गेला होता. शिक्षा होऊन गेलेल्या माणसाच्या वारसाला कोण विचारतो? पण पोटासाठी गेलेला माणूस उद्या परत येऊ शकतो, निदान त्याचा नातू तरी येऊ शकतो. म्हणून कोणती गोष्ट खरी हे ठरवण्यात दोन्ही घरांना रस होता, आणि खरे शोधून काढण्यात कोणालाच नव्हता.

काही वर्षांपूर्वी मॉरिशसमधल्या एका बाईंची चौकशी एका परिचितामार्फत माझ्यापर्यंत आली. त्यांना आपल्या पूर्वजाचे गाव हवे होते. त्यांचे आडनाव कदम नाही. त्यांच्याकडे आहे तो मोडी कागदांत नेहमी भेटणारा, जुन्या वळणाचा एक मराठी पुरुषी नावाचा शब्द, फ्रेंच कानांनी ऐकून लिहिलेला. तेव्हा मी मोडी वाचायला शिकून बरीच वर्षे झाली होती, आणि दुसऱ्यांच्या घराण्यांचे कागद वाचता वाचता आपल्या घरातली ती रिकामी रेघ तशीच राहिली होती.

आधी कैदी गेले

या शोधात पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती ही, की मॉरिशसला हिंदी मजूर जाण्याच्या आधी हिंदी कैदी गेले. इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून १८१० मध्ये घेतले. पहिला इंग्रज गव्हर्नर रॉबर्ट फर्क्वार याला रस्ते बांधायला माणसे हवी होती. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला होता आणि असलेले गुलाम मळेवाल्यांच्या ताब्यात होते. त्याने कंपनी सरकारकडे जन्मठेपेचे कैदी मागितले. १८१५ पासून १८३७ पर्यंत बंगाल आणि मुंबई या दोन इलाख्यांतून सुमारे पंधराशे कैदी तिथे पाठवले गेले. त्यांत स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

या कैद्यांनी रस्ते आणि पूल बांधले, दगड फोडले. त्यांतल्या काहींना रेशमाच्या किड्यांच्या कामाला लावले होते. १८३६ मध्ये बीगल जहाजावरून जगप्रवास करून परतणारा चार्ल्स डार्विन पोर्ट लुई बंदरात थोडे दिवस थांबला. त्याने आपल्या प्रवासवृत्तात या कैद्यांची नोंद केली आहे. तेव्हा त्यांची संख्या आठशेच्या आसपास होती, ते जन्मभरासाठी आलेले होते आणि सार्वजनिक कामांवर राबत होते. त्यांच्या देखण्या, गंभीर चेहऱ्यांचा त्या तरुण निसर्गशास्त्रज्ञाच्या मनावर ठसा उमटला होता. जे कैदी हयात राहिले त्यांना १८५३ मध्ये मोकळे करण्यात आले, पण तोवर घरी परतण्याची उमेद किती जणांत राहिली असेल!

दक्षिण कोकण १८१८ मध्ये पेशव्यांकडून कंपनीकडे आले. त्यानंतर जिल्ह्याचे न्यायाधीश आले, सर्किट कोर्ट आले, आणि दरोडा किंवा खून यांसाठी फाशीखालोखाल एक नवी शिक्षा आली: समुद्रापार रवानगी. पेशवाईत किल्ल्यावर कैद असे, हातपाय तोडणे असे, गाव सोडायला लावणे असे. माणूस जहाजात घालून कायमचा दृष्टीआड करण्याची शिक्षा लोकांना नवी होती. तिने मृत्यूपेक्षाही वेगळी धास्ती बसावी अशी सरकारचीच इच्छा होती. समुद्र ओलांडला की जात गेली, ही समजूत सरकारला चांगली ठाऊक होती आणि शिक्षेच्या हिशोबात ती धरलेली होती.

म्हणजे १८३७ पर्यंत मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत 'मोरस' या शब्दाला एक अर्थ चिकटला असणार: बेड्या घातलेली माणसे जिथे नेतात ते बेट. हा अर्थ पुढच्या गोष्टीला फार महत्त्वाचा आहे.

मग मजूर गेले

मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ ला संपली. त्याच्या तीन महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. मॉरिशस आज तो दिवस राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळते. पुढे अनेक दशके ही जहाजे येत राहिली आणि सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. जिथे ती उतरत त्या डेपोला आता आप्रवासी घाट म्हणतात. समुद्रातून वर येणाऱ्या तिथल्या पायऱ्या जपून ठेवल्या आहेत. युनेस्कोने २००६ मध्ये त्या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

मजुरांच्या पहिल्या लाटेत फसवणुकीच्या इतक्या तक्रारी झाल्या की सरकारने १८३९ मध्ये ही निर्यात बंद केली. ती १८४२ मध्ये नव्या कायद्याने पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरही तिला खुले झाले. सर्वांत जास्त माणसे कलकत्त्याहून गेली, नंतर मद्रासहून. मुंबईचा क्रमांक तिसरा. पण मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ होती. यात नवल नाही. पिकाऊ जमीन थोडी, ती खोताची, आणि घरात भाऊ चार. रत्नागिरी जिल्हा तेव्हाही सरकारला शिपाई आणि मुंबईला हमाल पुरवत होता. हर्णै किंवा दाभोळहून गलबतात बसून मुंबई गाठणे ही रोजची गोष्ट होती. मुंबईत कामाच्या शोधात फिरणाऱ्या माणसाला मुकादम भेटे. तो पाच रुपये महिना, शिधा आणि कपडा सांगे. करारावर अंगठा उठे. या करारालाच, म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट'ला, भोजपुरी माणसाने 'गिरमिट' केले आणि त्यावरून 'गिरमिटिया' शब्द झाला.

आता कैदी आणि मजूर ही दोन चित्रे शेजारी ठेवावीत. दोघेही मुंबईच्या बंदरातून जहाजात बसले. दोघांनाही तिथे उतरल्यावर आकडा मिळाला. दोघांच्या डोक्यावर मुकादम किंवा सरदार होता. दोघेही बहुधा परत आले नाहीत. फरक एवढाच की एकाने गुन्हा केला होता आणि दुसऱ्याने करार. पण गावाला करार दिसत नाही. गावाला दिसते ती रिकामी पडवी.

शिवाय मॉरिशसमध्ये मजूर आणि तुरुंग यांतले अंतरही फार नव्हते. मळा सोडून परवान्याविना फिरणारा मजूर 'भटका' ठरे आणि त्याला अटक होई. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही स्वतःच्या छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागला. या कायद्यांचा जाच इतका वाढला की १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज तयार केला, त्यावर हजारो मजुरांनी सह्या-अंगठे केले, आणि १८७२ मध्ये इंग्लंडच्या सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. तेव्हा 'आमचा माणूस मोरसला तुरुंगात आहे' असा निरोप एखाद्या घरी आला असेल, तर तो खोटा नसेल. आणि तरीही तो माणूस शिक्षा होऊन गेलेला नसेल.

आडनाव शोधून काही सापडत नाही

वंशावळीचा शोध घेणारे बहुतेक लोक आडनावापासून सुरुवात करतात. मॉरिशसच्या बाबतीत तिथेच वाट बंद होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हिंदी स्थलांतरितांचे दफ्तर आहे. त्या नोंदवह्यांत प्रत्येक मजुराचा क्रमांक असतो, मग नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, गाव, तालुका, जिल्हा, जहाज. पुढच्या काळातल्या काहींची छायाचित्रेही आहेत. पण आडनावाचा रकाना नाही. कैद्यांच्या याद्यांचीही तीच तऱ्हा: नाव, बाप, जात, धंदा, गुन्हा, शिक्षा.

तिथे मूल जन्मले की ते नोंदवावे लागे. मॉरिशसचा दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा. त्याला माणसाचे कुलनाम हवेच. कारकुनाने विचारले, कुलनाम काय? समोरच्या माणसाकडे एकच उत्तर होते: त्याचे स्वतःचे नाव, नाहीतर बापाचे. तेच मुलाचे आडनाव झाले. म्हणून आज मॉरिशसच्या मराठी समाजात बाबाजी, बापू, लक्ष्मण, सखाराम अशी आडनावे दिसतात. ती माणसांची नावे आहेत. पहिल्यांदा जहाजातून उतरलेल्या, किंवा त्याला जन्म देऊन मागे गावात राहिलेल्या माणसाची.

याचा परिणाम असा की दोन सख्खे भाऊ वेगळ्या मळ्यांवर असतील तर त्यांच्या मुलांची आडनावे वेगळी झाली. आणि एकाच आडनावाची दोन घरे तिथे असली तर ती भाऊबंद असतीलच असे नाही. दोन वेगळ्या गावांहून आलेले दोन बाबाजी दोन कुळांचे मूळपुरुष होऊ शकतात.

मग धागा कशाला धरायचा? क्रमांकाला. मजुराचा क्रमांक त्याला आयुष्यभर चिकटे. लग्नाच्या आणि मुलांच्या जन्माच्या नोंदींतही तो लिहिलेला सापडतो. ज्या क्रमांकाने माणसाचे माणूसपण पुसले असे आपण म्हणतो, त्याच क्रमांकामुळे आज त्याचे पणतू त्याच्यापर्यंत पोचतात. मॉरिशसच्या बाईंनी मला पाठवलेला उतारा असाच क्रमांकावरून मिळालेला होता. त्यात त्यांच्या पूर्वजाचे नाव होते, तेच आज त्यांचे आडनाव. बापाचे नाव होते. जातीच्या रकान्यात 'मराठा'. आणि तालुक्याच्या जागी 'सुवर्णदुर्ग'.

सुवर्णदुर्ग त्यांनी नकाशात शोधला तेव्हा त्यांना हर्णैसमोरच्या समुद्रातला किल्ला सापडला. किल्ल्यावर वस्ती नाही, त्यामुळे आपला पूर्वज कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातला असावा असा त्यांचा समज झाला होता. खुलासा साधा आहे. आजच्या दापोली तालुक्याचे कंपनीच्या काळातले नाव सुवर्णदुर्ग होते. गावाचे नाव कारकुनाने इंग्रजीत असे लिहिले होते की डोळ्यांनी वाचून ते कळत नाही. ते मोठ्याने म्हटले, शेवटचा स्वर गिळला, आणि ते माझेच गाव निघाले.

आपले तरी आडनाव कुठे होते?

इथे एक प्रश्न मला बराच काळ छळत होता. समुद्र ओलांडताना आडनाव गळून पडले, असे आपण सहज म्हणतो. जणू ते माणसाच्या गाठोड्यात होते आणि बंदरावर हरवले. पण ते गाठोड्यात होते का?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले सामान्य रयतेचे कागद पाहावेत. देशमुख, कुलकर्णी, इनामदार, खोत, भिक्षुक यांची आडनावे किंवा हुद्दे कागदावर येतात, कारण त्यांच्या हक्कांना नावाची गरज असते. साध्या कुळाचे तसे नाही. तो 'अमुक बिन तमुक, मौजे फलाणे' असा येतो. 'बिन' म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'कोम', म्हणजे बायको. ओळख पटवायला बाप, जात आणि गाव पुरेसे होते. खोती गावात तर सरकारच्या वहीत खोताचे नाव असे. कुळे खोताच्या घरच्या हिशोबात असत. कुळांचे हक्क कागदावर ठरवून लिहिण्याचे काम १८८०च्या खोती कायद्यानंतर नेटाने झाले. पुढे शाळेचा पट आला, गिरणीची हजेरी आली, पलटणीचे भरतीपत्रक आले. या कागदांनी नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशी तीन खणी चौकट आम्हा सगळ्यांना घालून दिली.

म्हणजे मॉरिशसच्या फ्रेंच वळणाच्या नोंदणीने तिथल्या माणसाला आडनाव घ्यायला लावले आणि इंग्रजांच्या कचेऱ्यांनी इथल्या माणसाला आडनाव लिहायला लावले. दोन्ही गोष्टी थोड्याफार फरकाने एकाच काळातल्या. इथे हाताशी कूळ होते म्हणून 'कदम' लिहिले गेले. तिथे हाताशी बाप होता म्हणून बापाचे नाव लिहिले गेले.

'कदम' हा शब्द तेव्हा नव्हता असे नाही. होता, पण तो कागदावर नव्हता, तोंडावर होता. सोयरीक जुळवताना कूळ विचारत. लग्नात देवक बसवताना आमच्याकडे कळंबाची डहाळी बांधतात. कळंब म्हणजेच कदंब, आणि त्यावरून बनवासीच्या आणि गोव्याच्या कदंब राजांशी नाते जोडायला सगळ्या कदमांना आवडते. ते नाते सिद्ध करणारा एकही कागद मी पाहिलेला नाही. उलट कदम हे आडनाव मराठ्यांत आहे, कुणब्यांत आहे, पूर्वाश्रमीच्या महार समाजात आहे आणि इतरही जातींत आहे. म्हणजे नुसते आडनाव हाती लागून माणूस सापडत नाही. उद्या मॉरिशसच्या वहीत 'कदम' लिहिलेले सापडले असते, तरी तो आमचाच हे त्यावरून ठरले नसते. बाप आणि गाव यांनीच ते ठरले.

काळे पाणी

आता धाकट्या घराचा दावा. 'काळे पाणी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंदमानचा सेल्युलर जेल येतो. पण तो जेल १९०६ मध्ये पुरा झाला. त्याच्या आधी मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या ठिकाणी गेले: मॉरिशस, पेनांग, मलाक्का, सिंगापूर, एडन.

सिंगापूरचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथला सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि गव्हर्नरचा बंगला, म्हणजे आजचा राष्ट्राध्यक्षांचा 'इस्ताना', हिंदी कैद्यांनी बांधला. कैद्यांचे सहा वर्ग होते. वर्तन चांगले तर वरचा वर्ग, आणि वरच्या वर्गातले कैदीच खालच्यांवर पहारेकरी. वरच्या वर्गात पोचलेल्याला गावात राहून धंदा करता येई. १८६७ मध्ये ही वसाहत हिंदुस्थान सरकारकडून काढून इंग्लंडच्या वसाहत खात्याकडे दिली आणि १८७३ मध्ये तिथला कैदखाना मोडला. काही कैदी अंदमानला गेले, सुटलेले तिथेच मिसळले.

अंदमानात पहिले दोनशे कैदी १० मार्च १८५८ ला पोर्ट ब्लेअरला उतरले. १८५७ च्या उठावातल्या माणसांसाठी ती वसाहत उघडली होती. नंतर साधे गुन्हेगारही जाऊ लागले. ठरावीक वर्षे काढल्यावर कैद्याला जमीन कसायला आणि कैदी स्त्रीशी लग्न करायला परवानगी मिळे. त्यांच्या संततीला तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. वेगवेगळ्या प्रांतांचे, जातींचे, धर्मांचे आईबाप. मुलांची भाषा हिंदुस्थानी. त्यांतल्या कितीजणांना आपले मूळ गाव सांगता येईल?

याच शिक्षेवर गेलेल्या काहींची आडनावे मात्र आपल्याला पाठ आहेत. वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये वारले. गणेश दामोदर आणि विनायक दामोदर सावरकर अंदमानात होते. तिथे कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे आणि त्यावर सुटकेची तारीख. विनायकरावांच्या बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष होते १९६०. अंगावर बिल्ला असूनही त्यांची आडनावे राहिली, कारण त्यांच्या घरी लिहिणारी माणसे होती, अर्ज होते, वर्तमानपत्रे होती, पुढे आठवणी लिहिल्या गेल्या. त्यांच्या आधी ऐंशी वर्षे त्याच इलाख्यातून बेड्या घालून गेलेल्या रामोशी, कोळी, भिल्ल, कुणबी माणसांमागे यातले काही नव्हते. आडनाव टिकणे हाही एका वर्गाचा हक्क होता, हे या याद्या वाचताना कळते.

तारखांनी दिलेला निकाल

आमच्या घरातला वाद अखेर तारखांनी सोडवला. खापरपणजोबांचा जन्म १८३५ च्या मागेपुढे. त्यांचा भाऊ कर्ता होऊन घराबाहेर पडला तो १८५५ च्या आधी नाही. मुंबईहून मॉरिशसला कैदी पाठवणे १८३७ मध्येच थांबले होते. त्यामुळे तो 'मोरसला' गेला असेल तर कैदी म्हणून जाऊच शकत नाही. आणि शिक्षा होऊन गेला असेल तर 'मोरसला' जाऊ शकत नाही. दोन घरांच्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या नव्हत्या. बाईंच्या उताऱ्यातली आगमनाची नोंद १८६० च्या आसपासची, करारी मजुरांच्या वहीतली. बापाचे नाव आमच्या वंशावळीतले, वरच्या पिढीतले. गाव आमचे. जातीचा रकाना जुळतो. परागंदा झालेला भाऊ त्या पिढीत एकच. मला याहून जास्त पुरावा नको.

धाकट्या घराने मग ती गोष्ट रचली का? मला तसे वाटत नाही. मोरस हे कैद्यांचे बेट, ही आठवण १८३७ नंतरही खेड्यांत मुरलेली होती. वीस-पंचवीस वर्षांनी गावातला एक तरुण त्याच बेटावर गेला, समुद्र ओलांडला, जातीबाहेर पडला, परत आला नाही. जुन्या आठवणीने नव्या माणसाला गिळले. पुढे अंदमान प्रसिद्ध झाले आणि मोरसच्या जागी 'काळे पाणी' आले. त्या गोष्टीने वाट्याचा प्रश्न सोपा केला हे खरे. म्हणून ती टिकली. सोयीची गोष्ट टिकायला खोटेपणा लागत नाही. कोणी तपासली नाही एवढे पुरते.

हे सगळे घरात सांगितले तेव्हा सर्वांना आनंद झाला असे नाही. "एवढ्या वर्षांनी हे कशाला उकरलंस?" असे धाकट्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले. त्यांची भीती मला कळते. पण बाईंना जमीन नको होती. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या भेटीत जाहीर केले की तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळू शकेल. तेव्हापासून तिथल्या अनेक घरांत जुने क्रमांक नव्याने शोधले जाऊ लागले असतील. बाईंची चौकशी त्याहून जुनी आणि साधी होती. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, मराठी पोरे तिथे 'झाकरी' नाचतात. ती आपली जाखडी, हे त्यांना ठाऊक होते. ती कोणत्या गावच्या अंगणातून तिकडे गेली, तेवढे त्यांना हवे होते.

शेवटी त्यांनी मला एक प्रश्न विचारला: आता आम्ही 'कदम' लावावे का? मी त्यांना कळवले की लावायला हरकत कोणाचीच नाही, पण गरजही नाही. आमच्याकडे आडनाव राहिले आणि त्याचे नाव गेले. आम्ही त्याला 'परागंदा' म्हणून मोकळे झालो. त्याला काय हाक मारत हेसुद्धा इथे कोणाला आठवत नव्हते. तुमच्याकडे आडनाव गेले आणि त्याचे नाव राहिले. दीडशेहून अधिक वर्षे तुमच्या घरातले प्रत्येक मूल शाळेत, दवाखान्यात, लग्नात तेच नाव सांगत आले आहे. आमच्या वंशावळीतल्या चौथ्या रेघेपुढे काय लिहायचे, ते आम्हाला तुमच्या आडनावावरून कळले.

ते नाव मी आता तिथे लिहिले आहे. 'परागंदा' हा शब्द खोडला नाही, कंसात राहू दिला. आमच्या घराने त्याला काय म्हटले, तीही एक नोंदच आहे.